जुनी जीप सारखी तापायली? रेडिएटर बदलायच्या आधी हे बघा

गेल्या मे महिन्यात माझ्या दारात चार जुन्या जीपा आल्या आणि चारी मालकांचं म्हणणं एकच, "भाऊ गाडी तापायली, रेडिएटर गेलाय, नवा टाकून द्या." दोघांचे खरंच गेले होते. तिसऱ्याचं नुसतं ढक्कन खराब होतं. चौथ्यानं पुढच्या जाळीवर गावाच्या नावाचा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोर्ड ठोकला होता, बोर्ड काढला आणि गाडी थंड. त्याला अजून पटत नाही की तेवढंच होतं.

मी गॅरेजवाला नाही, बीडच्या केज तालुक्यात शेती करतो. माझ्याकडे १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिनवाली, फोर बाय फोर, लिलावातून घेतलेली. तिच्यात आतापर्यंत तीन रेडिएटर घातलेत आणि त्यातले दोन माझ्याच हातानं मेले, कसे ते पुढं सांगतो. मित्रांच्या, पाहुण्यांच्या गाड्या धरल्या तर बारा-पंधरा तरी झाले असतील. मेजर, कमांडर, आर्माडा, जुनी बोलेरो, सगळ्यांना थोड्याफार फरकानं हेच लागू होतं.

गाडी कधी तापते ते आधी सांगा

"तापते" एवढं सांगून काही कळत नाही. कधी तापते, त्यावर अर्धं निदान होतं.

गावातनं हळू चालवताना नाहीतर उभी ठेवल्यावर टेंपरेचरचा काटा चढतो, पण हायवेला लागलं की उतरतो, तर प्रॉब्लेम हवेचा आहे. पळताना समोरची हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला ती फॅननंच ओढावी लागते, म्हणून फॅन, बेल्ट, फॅनचं कव्हर बघायचं.

याच्या उलट, सपाटीला गाडी ठीक आहे पण तेलगावकडून धारूर घाट चढायला लागलं की काटा लाल पट्ट्यात, किंवा ट्रॉली ओढताना, किंवा फोर बाय फोर लो टाकून चिखलातनं काढताना, तर पाणी पुरेसं फिरत नाही नाहीतर रेडिएटरची थंड करायची ताकद संपली. खरा गेलेला रेडिएटर बहुतेक वेळा असाच सापडतो. दर ऑक्टोबरला घाटात सीताफळवाल्याशेजारी बॉनेट उघडून उभी असलेली एक तरी जीप दिसतेच.

थंड गाडी चालू करून पाच-सात मिनिटांत काटा वर गेला तर रेडिएटरकडं जाऊच नका, आधी पाण्याची लेव्हल, मग थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की उघडणारी झडप), आणि मग गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली पट्टी). रोज पाणी कमी होतं पण खाली थेंब नाही, तर ढक्कन नाहीतर गॅस्केट.

आणि एक फसवं लक्षण. काटा वर वर जाऊन अचानक खाली पडला तर लोकं खुश होतात की झाली थंड. तसं नसतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच बरोबर सांगतो, पाणी उडून गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा झोपतो, आतमध्ये इंजिन मात्र भट्टी झालेलं असतं. असं झालं की जिथं असाल तिथं गाडी बंद करा. माझ्या मेव्हण्यानं ह्याच आनंदात अजून आठ किलोमीटर मारली आणि हेड वाकवून घेतलं.

हात लावायच्या आधी

गरम गाडीचं ढक्कन उघडायचं नाही. फडकं धरून पण नाही, "जरासं सैल करतो" पण नाही. प्रेशर असेपर्यंत शंभराच्या वर तापलेलं पाणी पण उकळत नाही, ढक्कन हललं की त्याच क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते. वरचा होस, म्हणजे रेडिएटरचा रबरी पाइप, हातानं दाबून बघा, टणक असेल तर थांबा, पाऊण तास लागला तरी लागू द्या. कुणी भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात न्या, टूथपेस्ट-बिस्ट फासत बसू नका. आणि तापलेल्या इंजिनवर बादलीनं गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते.

फुकटातल्या गोष्टी आधी

सकाळी गाडी थंड असताना ढक्कन काढून आत बघा. पाणी लालसर असेल तर आत गंज आहे, नळ्यांच्या तोंडाशी पांढरं काही साचलेलं दिसलं तर क्षार आहेत, वर तेलाची मलई तरंगत असेल तर पुढचं सगळं सोडा आणि मेकॅनिकला फोन लावा. तसंच ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालूसुद्धा करू नका.

लेव्हलबद्दल एक सांगतो, ह्यात लई लोकं फसतात. ज्या जुन्या गाड्यांना ओव्हरफ्लोची बाटली नाही त्यात गळ्यापर्यंत पाणी भरायचंच नसतं, दोन-तीन सेंटीमीटर जागा ठेवायची. पाणी तापलं की फुगतं आणि जास्तीचं नळीतनं बाहेर पडतं, माणूस म्हणतो गळायलंय, परत गळ्यापर्यंत भरतो, परत पडतं. महिनाभर असं करणारा एक मास्तर मला माहीत आहे.

मग पुढची जाळी. बॉनेट उघडून रेडिएटरच्या मागं बॅटरी (टॉर्च) धरा आणि पुढनं बघा, उजेड किती येतो. आपल्याकडं कापूस, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, गाजर गवताचं बी, किडे, सगळं तिथंच जाऊन बसतं, त्यात समोरच्या सीलमधनं ऑइल गळत असेल तर त्यावर धूळ बसून लेपच तयार होतो. बागेच्या साध्या पाइपनं इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेला पाणी मारा, म्हणजे घाण जिकडनं आली तिकडं परत जाईल. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळनं मारू नका, पातळ पत्रे आडवे होतात आणि मग हवा कायमचीच बंद. समोरचे जादा दिवे, हॉर्न, बोर्ड, ताडपत्रीची गुंडाळी, जे काय हवेच्या वाटेत असेल ते काढून एक दिवस चालवून बघा.

बेल्ट अंगठ्यानं दाबा, मधोमध साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ढिला असेल तर फॅन आणि पंप दोन्ही घसरतात, आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालेली असली तर बदला. फॅनच्या भोवतीचं कव्हर आहे का तेही बघा, जुन्या जीपांचं ते कुणीतरी कधीतरी काढून गोठ्यात टाकलेलं असतं. कव्हर नसलं की फॅन रेडिएटरमधनं हवा ओढायच्या ऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

थोडे पैसे लागणारं

ढक्कन. माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट हाच. ते नुसतं झाकण नाही, प्रेशर धरून ठेवतं, आणि प्रेशर असलं की पाणी उशिरा उकळतं. ०.९ बारचं ढक्कन नीट असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, रबर कडक झालं की आपल्याकडं ९८-९९ लाच बुडबुडे. रबर चिरलं असेल, स्प्रिंग गंजली असेल तर तपासत बसू नका, नवंच लावा. पण जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं की गाडी थंड राहते अशी एक समजूत आहे, जुन्या रेडिएटरला ते लावलं की सांधा फुटतो.

होस. खालचा होस जास्त महत्त्वाचा, पंप त्यातनं पाणी ओढतो. त्याच्या आत स्प्रिंग असते, ती गंजून गेली की जोरात रेस केल्यावर होस चपटा होतो आणि पाणीच बंद. गाडी चालू करून एकाला रेस द्यायला लावा आणि लांबून बघा, फॅनपासून हात आणि उपरण्याचं टोक लांब ठेवा.

थर्मोस्टॅट. काढा, त्यावर कोरलेला आकडा बघा, बहुतेक ८२ च्या आसपास असतो, आणि एका जुन्या डब्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीला लटकवून तापवा. पाणी उकळायच्या आत तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर बंद झाला पाहिजे. घरातलं चांगलं पातेलं घेऊ नका, मी घेतलं होतं. आपल्याकडचे बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, "आपल्याकडं काय बर्फ पडतो का" म्हणून. त्यानं इंजिन नेहमी कमी तापमानावर चालतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत राहतं, म्हणजे काढूनही गाडी तापतेच. खराब असेल तर नवा बसवा.

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. खाली एक बारीक भोक असतं, तिथनं थेंब पडत असेल तर आतलं सील गेलं. फॅन धरून पुढं-मागं हलवा, खडखड वाजला तर बेअरिंग गेली. हे काम ज्यानं आधी केलेलं नाही त्यानं गॅरेजला द्यावं, जुने बोल्ट तुटून ब्लॉकमध्ये राहिले की शंभराचं काम हजारात जातं.

नव्याचे पैसे मोजायच्या आधी ही एक टेस्ट

थंड गाडी, ढक्कन काढलेलं, चालू करा आणि पाण्याकडं बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील ते सोडा. पण बारीक बुडबुडे थांबतच नसतील, धुराचा वास असेल, किंवा ढक्कन लावून चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, गाडी अजून थंड असताना, वरचा होस टणक झाला, तर इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय. गॅस्केट नाहीतर हेड. इथं आपण थांबायचं. ह्यात नवा रेडिएटर टाकला तर तो पण फुगेल आणि पैसे दोनदा जातील. हेड खोलणं, प्लेन करणं, टॉर्क लावून बसवणं हे चांगल्या डिझेल मेकॅनिकचंच काम, झाडाखालचं नाही.

रेडिएटर खरंच गेलाय का

गाडी तापवून बंद करा, चावी काढा, आणि रेडिएटरच्या जाळीवरनं हात फिरवा, चटका बसेल तर जाड कापडाचा हातमोजा घाला. सगळीकडं गरमपणा हळूहळू उतरत गेला पाहिजे. मधेच एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. टेंपरेचर गन असेल तर अजून सोपं, पण कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची गन चालत नाही, ती चाळीस-बेचाळीसच्या वर नुसतं "हाय" दाखवते.

जाळीचे पत्रे बोटानं चिमटीत धरा. भुगा होऊन हातात आले तर नळ्या चांगल्या असल्या तरी उष्णता बाहेर पडणार कुठनं? रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीच्या सांध्याला हिरवी-पांढरी बुरशी, तीन-चार ठिकाणी झाळीचे (सोल्डरचे) जुने डाग, फुगलेली टाकी, हे दिसलं तर त्याच्यावर अजून डाग मारत बसू नका. काढलेल्या रेडिएटरचं खालचं तोंड तळहातानं दाबून वरनं पाणी भरायचं आणि हात काढायचा, पाणी धबाका मारून एकदम पडलं पाहिजे. धार लागून हळूहळू आलं तर आत चोंदलंय.

आता आत काय चोंदतं ते सांगतो, कारण माझे पहिले दोन ह्याच्यातच गेले. बोअरचं पाणी. आपल्या काळ्या खडकातनं येणारं पाणी जड असतं, घरातल्या पाणी तापवायच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या आत बसतो. पाणी जितकं गरम तितका क्षार जास्त सुटून चिकटतो. गाडी तापते म्हणून आपण रोज बाटलीभर बोअरचं टाकतो, त्यानं थर वाढतो, म्हणून गाडी अजून तापते, म्हणून अजून टाकतो. पहिला रेडिएटर गेला तेव्हा मी दुकानदाराला शिव्या दिल्या. दुसरा तीन उन्हाळ्यात गेला तेव्हा रेडिएटरवाल्या चाचांनी तो माझ्यासमोर उघडला, नळीतनं खडूचा चुरा पडावा तसा पडला, आणि त्यांनी फक्त विचारलं, "पानी कौनसा डालते भाऊ?"

थर थोडा असेल तर लिंबूसत्त्वानं निघतो, किराणा दुकानात मिळतं. दहा लिटरला शंभर ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नको, गाडी अर्धा-पाऊण तास चालवायची, थंड झाल्यावर काढायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवायचं. पण जुन्या रेडिएटरला कधी कधी तो थरच धरून असतो, थर निघाला की दहा ठिकाणी गळायला लागतो, तेव्हा तयारी ठेवून करा. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही टाकू नका, ते झाळ आणि धातू दोन्ही खातं. आणि हळद. रस्त्यात गळती थांबवायला लोकं हळद टाकतात, वसमतची असली तरी नको, ती भोकाबरोबर चांगल्या नळ्या पण बुजवते.

डाग, कोअर की नवा

एकच भोक, बाकी जाळी टणक, तर डाग मारून घ्या, स्वस्तात होतं. घरी गॅसच्या ज्योतीवर प्रयोग नको, एक सांधा झाळताना बाजूचे चार वितळतात. नळ्या चोंदलेल्या पण टाक्या चांगल्या, तर टाकी उघडून सळई मारून साफ करतात किंवा नवा कोअर, म्हणजे मधली नळ्या-जाळी, टाकतात. माझी पसंती जुन्या पितळी टाक्या ठेवून नवा तांब्याचा कोअर, कारण माप तंतोतंत जुळतं आणि परत बिघडला तर गावात दुरुस्त होतो. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमवाला हलका आणि थंड करायला वाईट नाही, पण टाकीला चीर गेली की झाळता येत नाही. नवाच घेत असाल तर जुना सोबत घेऊन जा आणि दुकानात शेजारी ठेवून होसच्या तोंडांची जाडी, ढक्कनाचं तोंड, बोल्टची भोकं आणि जाडी मोजा. जाडी जास्त निघाली की फॅनला घासतो, हे मी घरी आल्यावर शिकलो.

बदलताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाणी घमेल्यात काढून मोजून ठेवा, म्हणजे परत किती बसायला पाहिजे ते कळतं. कूलंट असेल तर अंगणात सोडू नका, ते चवीला गोड लागतं, कुत्रं नाहीतर वासरू चाटतं आणि ते विष आहे. खालची तोटी गंजून बसली असेल तर तिच्याशी भांडू नका, खालचा होस काढा. चिकटलेला जुना होस पिळून ओढला तर पितळी तोंड वाकतं, ब्लेडनं उभा कापा, तसंही नवेच होस टाकायचेत. फॅन आणि रेडिएटरच्या मधे एक जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर नवीन जाळीला पहिला ओरखडा तुमच्याच हातचा.

बसवताना खालचे रबर बुश नवीन टाका आणि बोल्ट आवळून आवळून बसवू नका. ऑफ-रोड गाडीची चासी बांधावर, नाल्यात पिळते, रेडिएटर रबरावर थोडा हलला पाहिजे, घट्ट जखडलेला असला की तो पीळ सरळ टाकीच्या सांध्यावर येतो आणि तिथंच चीर जाते. सांधा वारंवार एकाच जागी फुटत असेल तर रेडिएटरला दोष देऊ नका, बुश बघा.

एसीवाल्या बोलेरोत रेडिएटरच्या पुढं कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, असतो. बोल्ट काढून तो बाजूला सरकत असेल तर ठीक, गॅसचा पाइप खोलावा लागत असेल तर थांबा आणि एसीवाल्याला बोलवा.

भरताना गाडीचं तोंड वर येईल अशी चढावर लावा, हीटर असेल तर फुल गरम करा, हळूहळू भरा, ढक्कन न लावता चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाईल, हवा निघेल, परत भरा, मग ढक्कन. आत बॅटरीचं पाणी टाका, कॅनवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलेलं, ॲसिडचा कॅन शेजारीच असतो तेव्हा वाचून घ्या. त्यात अर्धं कूलंट, नाहीतर तयार मिसळलेलं येतं ते. ते अगदीच नाही मिळालं तर आरओच्या जारचं किंवा पावसाचं गाळलेलं. दोन वेगळे कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा असला म्हणून जात सारखी असते असं नाही.

दहा किलोमीटर चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, लेव्हल बघा. तीन-चार सकाळी ढक्कन काढून बघत जा. पाणी कमी होत नसेल तर एकदा घाट चढून या. आणि हे सगळं केलं, ढक्कन नवं, थर्मोस्टॅट नवा, रेडिएटर नवा, तरी काटा चढतोय, तर अजून पार्ट घेऊ नका. तेव्हा इंजिनच्या आतल्या वाटा थरानं बंद असतील, पंपाचे पंखे झिजले असतील नाहीतर हेड, आणि ते बघायला इंजिनवाल्याचेच हात पाहिजेत.

जुना रेडिएटर दुकानदार "राहू द्या इथंच" म्हणला तर राहू देऊ नका. तांबं-पितळेचा आहे, भंगारात किलोवर जातो, माझ्या तिसऱ्याचे होस, क्लिपा आणि ढक्कन त्याच पैशात आले.